शोधाचे बटण, दोन भिंगे आणि गायब झालेली यादी : एक खुले पत्र

प्रति,
जुन्या महसुली नोंदींचे संकेतस्थळ चालवणारे अधिकारी
आणि त्याचे संगणकीय काम पाहणारे कंत्राटदार यांस

विषय : शोधाच्या पानावर बसवलेल्या नव्या भिंगाच्या बटणाचा फेरविचार करून निकालांची यादी पुन्हा सुरू करण्याबाबत.

महोदय / महोदया,

आपल्या संकेतस्थळावर जुनी नोंद शोधायची रीत कोणालाही न कळवता बदलली. आधीचे पान दिसायला साधे होते, पण कामाचे होते. जिल्हा, तालुका, गाव निवडायचे, चौकटीत नाव किंवा सर्व्हे नंबर टाकायचा आणि शेजारचे ‘शोधा’ बटण दाबायचे. खाली यादी यायची : अनुक्रमांक, नोंदवहीचा प्रकार, वर्ष, पान क्रमांक आणि ओळीच्या शेवटी ‘पाहा’. आता ‘शोधा’ गेले आणि उजवीकडे खालच्या कोपऱ्यात एक गोल भिंग तरंगत राहिले. ते दाबले की यादी न येता सापडलेली पहिली नोंद थेट उघडते. दुसरी हवी असेल तर भिंगाच्या दोन्ही बाजूंना बाण दिलेत, एकेक करत पुढे सरका.

आम्ही मराठवाड्यात सेवा केंद्रे चालवतो. हे पान आमच्याकडे दिवसभर उघडे असते. वारसाचे प्रकरण, वाटणीचा वाद, शाळा-कॉलेजच्या प्रवेशाआधीचा जातीचा दाखला, अशी कुठलीही गरज घेऊन माणूस आधी आमच्यासमोरच्या खुर्चीत बसतो. नोंद सापडली नाही की खापर आमच्या डोक्यावर फुटते, ते एक वेळ चालेल. नोंद असून ती दिसली नाही आणि माणूस ‘आपली नाहीच’ असे समजून परत गेला, हे मात्र चालणार नाही. नव्या बटणामुळे नेमके तेच घडू शकते. कसे, ते खाली सांगतो.

सुरुवात सगळ्यात गंभीर गोष्टीपासून. शोध लागला नाही की आता मधोमध एकच वाक्य येते : ‘नोंद आढळली नाही’. सर्व्हरने वेळेत उत्तर दिले नाही तरी हेच वाक्य. सत्र, म्हणजे पान वापरायची ठरलेली मुदत, संपले तरी हेच. गाव निवडायचे राहिले तरी हेच. यादी होती तेव्हा या चार गोष्टी निरनिराळ्या दिसायच्या. खरोखर काही नसेल तर यादीचे डोके यायचे आणि खाली शून्य नोंदी. सर्व्हर अडकला तर पानच अर्धवट राहायचे आणि आम्हाला कळायचे की थोड्या वेळाने पुन्हा बघावे लागेल. आता दुपारी बारा-एकच्या गर्दीत मिळालेल्या नकाराचा अर्थ काय लावायचा? पुन्हा दाबून बघणे एवढेच आमच्या हातात. जो माणूस घरी मोबाइलवर एकदाच बघतो, तो पुन्हा दाबत नाही.

त्यात ही साधीसुधी शोधाशोध नाही. इतर मागास वर्गाच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीचे काम सुरू झाल्यापासून कुणबी नोंदी शोधणाऱ्यांची रीघ लागली आहे. खासरा पत्रक १९५४-५५, पाहणी पत्रक, कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, शाळेचे प्रवेश रजिस्टर, ही नावे आता चावडीवर बसणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ आहेत. यादीत वर्षाचा रकाना असला की १९६७ च्या अलीकडचे काय आणि पलीकडचे काय हे एका नजरेत कळते. एकेक पान उघडत बाणाने सरकताना ते कळायला प्रत्येक पान उतरवून घ्यावे लागते.

आता बटणाकडे येऊ. पान उघडले की वरच्या पट्टीत आधीपासूनच एक भिंग आहे, अधिक-वजा चिन्हाचे, स्कॅन केलेले पान मोठे-लहान करण्यासाठी. त्याच पडद्यावर खाली कोपऱ्यात आता दुसरे भिंग, शोधासाठी. आकार तोच, रंगात किंचित फरक. खासरा पत्रकातले बारीक अक्षर वाचता येत नाही म्हणून माणूस भिंग दाबतो, आणि खालचे दाबले गेले की नवा शोध सुरू होऊन उघडलेले पान जाते. जे मोठे करायचे होते तेच हातातून निसटते! दोन भिंगांतले एक काढायचे असेल तर कुठले काढावे यावर वाद व्हायचे कारणच नाही. पान मोठे करायला भिंग सगळीकडे चालते, लोकांना ते माहीत आहे. शोधाच्या बटणावर ‘शोधा’ असे लिहा. दोन अक्षरांना जागा किती लागते?

बाणांचेही तसेच. वरच्या पट्टीतले बाण नोंदवहीचे पुढचे-मागचे पान दाखवतात, खालचे बाण शोधातली पुढची-मागची नोंद. दिसायला चौघे सारखे. त्यात मराठवाड्याची आणखी एक गोम आहे, ती बहुधा हे बटण आखणाऱ्यांच्या ध्यानातच आली नसावी. १९४८ पूर्वीच्या आपल्याकडच्या कितीतरी नोंदवह्या उर्दूत आहेत. उर्दू नोंदवही उजवीकडून सुरू होते, पहिला रकाना उजव्या कडेला आणि पुढचे पान डावीकडे. संकेतस्थळाचा ‘पुढे’चा बाण मात्र उजवीकडे बोट दाखवतो. उर्दू वाचणारा जाणकार शेजारी बसवला असेल तर तो सवयीने डावा बाण सांगतो, आणि आपण मागे जातो. बाणाखाली ‘पुढचे पान’, ‘पुढची नोंद’ असे शब्द असते तर दिशा कोणतीही असो, गोंधळ झाला नसता.

बाण आणखी एक घात करतात. जोडणी धीमी असेल तर पान उघडायला वेळ लागतो. तेवढ्यात माणूस दुसऱ्यांदा बाण दाबतो. आतली मोजणी दाबल्याबरोबर पुढे जाते, पानाचे चित्र मागाहून येते. म्हणजे दोनदा दाबले की तिसऱ्या नोंदीवरून थेट पाचवी दिसते आणि चौथी डोळ्यांसमोर येतच नाही. बरे, एकूण किती आणि त्यातली ही कितवी, हे कुठेही लिहिलेले नाही. शेवटची नोंद झाली की बाण गुपचूप पुन्हा पहिल्या नोंदीवर नेतो. एक फेरी पूर्ण झाली हेही सांगत नाही. चौथी नोंद निसटली हे कळणार कसे? ही आंधळी कोशिंबीर थांबवायला फार काही लागत नाही. पान पूर्ण येईपर्यंत बाण निष्क्रिय ठेवा, वर ‘१७ पैकी ४’ असे लिहा, शेवटच्या नोंदीला ‘पुढे’ बंद करा. सराईत माणसाला हे अर्ध्या दिवसाचेही काम नाही.

नोंदी ज्या क्रमाने येतात तो क्रमही आकलनापलीकडचा आहे. वर्षाने नाही, पानाने नाही, नावाने नाही. पाहता पाहता असे लक्षात येते की स्कॅन ज्या क्रमाने चढवले गेले तोच हा क्रम असावा. एका घरातल्या तीन भावांच्या नोंदी एका पानावर लागून असतील, तर पहिली पाचव्या बाणावर आणि दुसरी अकराव्या बाणावर येते. यादीत पान क्रमांकावर बोट ठेवून क्रम लावता येत होता.

जागेचाही विचार झालेला दिसत नाही. तरंगणारे भिंग स्कॅनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर बसते. मराठी नोंदवहीत उजवीकडचा शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. वारस लागले, बोजा चढला, हुकमाचा क्रमांक काय, हे सगळे तिथेच लिहिलेले असते, आणि भिंग नेमके त्यावर. उर्दू वहीत त्याच कडेला अनुक्रमांक. मोबाइलवर पान सरकवून बघायचा प्रयत्न केला तर बोट भिंगावर पडते आणि, वर सांगितल्याप्रमाणे, नवा शोध.

‘मागे’च्या कळेबद्दल थोडक्यात. फोनवरची ‘मागे’ची कळ दाबली की आधीच्या नोंदीवर जाण्याऐवजी संकेतस्थळातूनच बाहेर पडायला होते. नवे बटण नोंदी बदलताना ब्राउझरच्या इतिहासात पायरी टाकत नाही आणि वरचा पत्ताही बदलत नाही, हे त्याचे कारण. बाहेर पडले की पुन्हा जिल्हा, तालुका, गाव, नाव, कॅप्चा. पत्ता बदलत नसल्यामुळे सापडलेल्या नोंदीची लिंक कोणाला पाठवताही येत नाही. लातूरच्या माणसाला पुण्यात नोकरी करणाऱ्या भावाला ‘हे बघ’ म्हणायचे तर पडद्याचा फोटो काढून पाठवावा लागतो, आणि त्या फोटोत नोंदवहीचे नाव, वर्ष आणि पान क्रमांक नसतो, कारण मोबाइलवर ती ओळ वर कापली जाते. नक्कल मागण्याच्या अर्जात नेमके हेच तीन तपशील भरायचे असतात.

ज्यांना दिसत नाही किंवा ज्यांचा हात थरथरतो त्यांच्यासाठी हे बटण कसे आहे, तेही बघा. हे भिंग म्हणजे बटणाचा कोड नव्हे, नुसते चित्र आहे आणि त्यावर क्लिक बसवले आहे. टॅबच्या कळीने तिथे पोचता येत नाही, एंटर दाबून शोध सुरू होत नाही. पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर त्यावरून मुकाट्याने पुढे जाते, कारण त्याला नावच दिलेले नाही. केंद्र सरकारच्या संकेतस्थळांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. दोन्हींचा रोख एकच, की अशा सेवा सगळ्यांना वापरता आल्या पाहिजेत. ५ ऑक्टोबर २०२३ ला जाहीर झालेल्या वेब सुलभतेच्या जागतिक निकषांच्या २.२ आवृत्तीत दाबायच्या जागेचा किमान आकार २४ बाय २४ पिक्सेल सांगितला आहे आणि त्याहून वरच्या पातळीला ४४ बाय ४४. भिंग मोठे आहे, त्याबद्दल तक्रार नाही. त्याच्या दोन बाजूंचे बाण मात्र करंगळीच्या नखाएवढेही नाहीत. मागच्या रंगाशी चिन्हाचा उठाव निदान ३ ला १ हवा. पिवळट पडलेल्या कागदाच्या स्कॅनवर फिकट राखाडी बाण त्यात बसत नाहीत.

इथवर जे लिहिले ते कुठल्याही संकेतस्थळाला लागू पडेल. आता खास मराठी आणि खास मराठवाड्याचे. यादी काढून ‘थेट पहिली नोंद’ दाखवायची तर टाइप केलेला शब्द आणि सूचीतला शब्द तंतोतंत जुळतील, असे गृहीत धरावे लागते. आपल्याकडच्या नोंदींत ते जुळत नाहीत, आणि त्याची कारणे ठोस आहेत.

पहिले, शोध स्कॅनच्या चित्रात होत नाही. तो होतो कोणीतरी हाताने टाइप केलेल्या सूचीत. मूळ वही उर्दूत असेल तर तिच्यात ण आणि ळ ही अक्षरे नाहीत. म्हणून ‘काळे’ सूचीत ‘काले’ म्हणून येतो, ‘कुणबी’ कधी ‘कुनबी’ होतो. उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, त्यामुळे वाचणाऱ्याने जो लावला तो स्वर सूचीत गेला. मूळ वही मोडीत असेल तर इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद लिपीतच पाळलेला नसतो. ‘विठु’ आणि ‘विठू’ यांतले कोणते टाइप करायचे, हे टाइप करणाऱ्याच्या मर्जीवर. मराठीत लिहिलेली वही असली तरी १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीची असेल तर ‘नांव’, ‘गांव’, ‘कांहीं’ असे अनुस्वार. ‘पिंपळगाव’ टाकणाऱ्याला ‘पिंपळगांव’ दिसत नाही. बुद्रुक कुठे ‘बु.’, कुठे ‘बुद्रुक’, कुठे ‘बु॥’.

दुसरे, डोळ्यांना एकसारखा दिसणारा शब्द संगणकाला एकसारखा नसतो. ‘कऱ्हाळे’ हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरे नोंदवायच्या जागतिक पद्धतीत, दोन तऱ्हांनी येतो. एक, ऱ आणि हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारे जोडचिन्ह. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून इंग्रजी J ची कळ दाबली की पहिली तऱ्हा. काही फोनच्या कळफलकांवर आणि जुन्या फॉण्टमधून रूपांतर केलेल्या मजकुरात दुसरी. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, पण शोधाला दोन वेगळे शब्द. युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपे एक करायची प्रक्रिया, चालवले तरी हा फरक जात नाही, तो मुद्दाम नियम लिहूनच घालवावा लागतो. नुक्त्याचे, म्हणजे अक्षराखालच्या टिंबाचे, उलट आहे : ‘क़’ एका अक्षरात लिहा किंवा क आणि नुक्ता असे दोन तुकड्यांत लिहा, प्रमाणीकरण चालवले की दोन्ही एकरूप होतात; पण आधी ते चालवायला तर हवे. आकड्यांचेही तेच. ४५ देवनागरीत आणि ४५ इंग्रजी अंकांत, सूचीत दोन्ही आहेत, आणि एक टाकले की दुसरे दिसत नाही.

शोधाची चौकट यातले काहीच एकत्र करत नाही. यादी होती तेव्हा आम्ही निदान ‘कऱ्हाळे’ ऐवजी नुसते ‘हाळे’ टाकून भलीमोठी यादी काढायचो आणि डोळ्याने निवडायचो. थेट नोंद उघडणाऱ्या बटणाने तो शेवटचा मार्गही बंद केला.

तिसरे, गाव एकच, जिल्हे अनेक. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेआधी उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. किनवट आदिलाबादेत होते. पुढे १९८१ मध्ये जालना, १९८२ मध्ये लातूर, १९९९ मध्ये हिंगोली हे जिल्हे वेगळे झाले. परतूरचा माणूस आज जालन्याचा, पण त्याच्या आजोबांची नोंद परभणी जिल्ह्याच्या नावाखाली. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावे लागली, त्याआधीची सूची जुन्या नावांनी. आजच्या निवडपट्टीत आजचेच जिल्हे आहेत, आणि सूचीत नोंदवहीच्या मुखपृष्ठावरचे. किनवटची नोंद नांदेड निवडून कशी सापडायची, ते एकदा स्वतः करून बघा.

चौथे, साल. निजामी अंमलाखालच्या नोंदवह्यांवर फसली साल असते. त्यात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो. फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदलायचे, म्हणून १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. वर्षाच्या चौकटीत १९३७ टाकणाऱ्याला १३४७ ची वही कधीच दिसत नाही. बेरीज संगणकाने करायची, शेतकऱ्याने नाही. पाचवे असेच एक छोटे पण रोजचे : जमिनींच्या एकत्रीकरणाआधी सर्व्हे नंबर, नंतर गट नंबर. ४५ टाकला तर कुठला ४५? यादीत नोंदवहीचा प्रकार दिसायचा म्हणून कळायचे.

या बदलाच्या बाजूने आपल्या मदत केंद्रावर आणि तालुक्याच्या कार्यालयात तीन गोष्टी सांगितल्या जातात. त्यांत तथ्य नाही असे नाही. मोबाइलच्या पडद्यावर पाच रकान्यांची यादी मावत नाही, हे खरे. नेमका सर्व्हे नंबर माहीत असलेल्याला यादी ही एक जास्तीची पायरी वाटते, हेही खरे. यादीमुळे सर्व्हरवर ताण येतो, हे मात्र पटत नाही. हिशोबच मांडू. मजकूर साठवायच्या युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह (अक्षर, काना, मात्रा) तीन बाइट घेते. शंभर चिन्हांची एक ओळ म्हणजे तीनशे बाइट, पन्नास ओळींची यादी म्हणजे साधारण पंधरा केबी. स्कॅनचे एक मोठे पान नीट वाचता येईल असे ठेवले तर एक एमबीच्या घरात सहज जाते. नको असलेली चार पाने उघडायला लावून नंतर हवे ते पान दाखवण्यात ताण वाढतो की कमी होतो? सर्व्हरचा वाढतो, आणि ज्याच्या गावात टॉवरची एकच दांडी येते त्याचा तर विचारूच नका.

मोबाइलवर यादी मावत नसेल तर रकान्यांऐवजी दोन ओळींच्या पट्ट्या करा : वर नाव आणि गाव, खाली नोंदवही, वर्ष, पान. बँकेच्या पासबुकाचे ॲप असेच दिसते, लोकांना सवय आहे.

आणि थेट नोंदीवर नेणारे बटण वाईटच असते, असे आमचे म्हणणे नाही. गुगलच्या मुख्य पानावर शोधाच्या बटणाशेजारी पहिल्याच निकालावर थेट नेणारे दुसरे बटण वर्षानुवर्षे होते. विकिपीडियाच्या जुन्या मांडणीतही शोधचौकटीपाशी दोन बटणे असायची : एक त्या नावाचे पान थेट उघडणारे, दुसरे तो शब्द असलेल्या सगळ्या पानांची यादी आणणारे. २०१० च्या मांडणीत तिथे एकच भिंग आले, त्यावर वादही झाले. पण यादीकडे जायची वाट टाइप करताना खाली येणाऱ्या सुचवण्यांच्या तळाशी शिल्लक ठेवली गेली. विश्वकोशात ‘परभणी’ नावाचे पान एकच असते, थेट नेले तरी बिघडत नाही. आपल्याकडे एका गावात ‘गणपत’ नावाचे पंधरा खातेदार असतात. त्यांतला पहिला आपला आजोबा निघेल, याची खात्री कोण देणार?

मागण्या अशा :

१. शोधचौकटीशेजारी, पूर्वीच्या जागी, ‘शोधा’ असे लिहिलेले बटण परत द्यावे. एंटरनेही तेच व्हावे. ते दाबल्यावर यादी यावी. वर एकूण संख्या असावी, आणि वर्ष, पान, नाव यांप्रमाणे क्रम लावता यावा.

२. थेट नोंद उघडायची सोय ठेवायचीच असेल तर ती ‘थेट पहिली नोंद’ अशा वेगळ्या बटणावर ठेवावी. शोधासाठी भिंगाचे चिन्ह वापरू नये. स्कॅनवर कुठलेही तरंगते बटण नको.

३. चारही बाणांवर शब्द लिहावेत. ‘इतक्यांपैकी कितवी’ हे दिसावे. पान उघडेपर्यंत बाण बंद राहावेत आणि शेवटच्या नोंदीवर थांबावेत.

४. नोंद नाही, सर्व्हर व्यस्त, सत्र संपले, गाव निवडले नाही : चार कारणांना चार वेगळे संदेश. यातली दिरंगाई आम्ही सर्वांत गंभीर धरतो. बाकीचे सावकाश झाले तरी हे लगेच व्हावे.

५. प्रत्येक नोंदीला स्वतःचा कायमचा पत्ता द्यावा. ‘मागे’ने आधीच्या जागी जाता यावे. नोंदवही, वर्ष, पान ही ओळ मोबाइलवरही पूर्ण दिसावी आणि छापता यावी.

६. शोधताना ण-न, ळ-ल, ऱ्हस्व-दीर्घ, जुने अनुस्वार, अर्ध्या र च्या दोन्ही तऱ्हा, नुक्ता आणि दोन्ही प्रकारचे अंक एकच धरावेत. ज्याला तंतोतंत शोध हवा त्याच्यासाठी शेजारी एक खूण करायची चौकट ठेवावी. कुठली अक्षरे एक धरली आहेत ते मदतीच्या पानावर जाहीर करावे.

७. जिल्हा-तालुक्याच्या निवडीत आजचे नाव निवडले तरी १९५६, १९८१, १९८२, १९९९ आणि २०२३ च्या आधीच्या नावांखालच्या वह्याही शोधाव्यात. फसली आणि इसवी सन दोन्ही चालावेत.

८. कळफलकाने आणि पडदावाचकाने हे पान पूर्ण वापरता येते की नाही, याची तपासणी दृष्टिहीन वापरकर्त्यांकडून करून घ्यावी आणि अहवाल संकेतस्थळावर ठेवावा.

९. यापुढे शोधाच्या पानात बदल करण्याआधी निदान एक महिना सूचना द्यावी, त्या काळात जुने आणि नवे दोन्ही चालू ठेवावे, आणि आठही जिल्ह्यांतल्या केंद्रांवर प्रत्यक्ष बघावे. तपासायला नावे आम्ही देतो : काळे, कुणबी, कऱ्हाळे, विठू, पिंपळगाव बुद्रुक, किनवटचे कुठलेही गाव, १३४७ फसलीची कुठलीही वही. ज्यांच्या नोंदी वहीत आहेत हे आधीच माहीत आहे, अशीच नावे घ्यावीत. शोधाने ती आणली नाहीत तर बदल लोकांपुढे जाऊ नये.

चौथी मागणी सात दिवसांत मान्य झाली आणि बाकीच्यांचे वेळापत्रक तीस दिवसांत लेखी मिळाले, तर तपासणीच्या कामाला आम्ही आमची केंद्रे, यंत्रे आणि माणसे विनामोबदला देऊ. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्या जाणकारांना बसवण्याची जबाबदारीही आमची. उत्तर कार्यालयीन पत्राने द्यावे, आणि त्याची एक प्रत संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर लावावी, कारण हा प्रश्न आमच्यापेक्षा तिथे नोंद शोधणाऱ्यांचा जास्त आहे.

कळावे,

आपले,
मराठवाड्यातील सेवा केंद्रचालक